स्कॉटलंडचं ‘फिशिंग लायसन्स’ विकणाऱ्यापासून सावध राहा

दक्षिण सीमेवरचा एस्क नदीचा पट्टा सोडला, तर स्कॉटलंडमध्ये मासे धरायला सरकारी रॉड लायसन्स, म्हणजे गळाच्या काठीचा परवाना, लागतच नाही. मला एकाने ते साडेअकरा हजारांना विकलं, म्हणून हा खटाटोप.

पुतण्या स्कॉटलंडमधल्या पर्थला असतो, टे नदीच्या काठी. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा फ्लाय फिशिंग करायचंच, हे पक्कं होतं. यात गळाला खरं आमिष नसतं, पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा असतो, तोच ‘फ्लाय’. सोलापुरात हा नाद असलेले आम्ही अगदी मोजके. बाकीची मंडळी उजनीवर गळ टाकून चिलापी काढतात आणि आम्हाला हसतात. फ्लाय मी घरीच बांधतो: चिकनवाल्याकडून आणलेली कोंबड्याच्या मानेची पिसं, शिंप्याकडचा रेशमी दोरा, तांब्याची बारीक तार. त्यांचे फोटो एका ग्रुपवर टाकले आणि लगेच एका ‘टूर ऑर्गनायझर’चा मेसेज आला. मूळचा बार्शीचा म्हणाला. बार्शीचा म्हटल्यावर बोलणं वाढणारच.

पॅकेज असं: टेवर दोन दिवस सॅमन माशासाठी जागा, सोबत गिली म्हणजे नदीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस, रॉड, वेडर्स म्हणजे पाण्यात उभं राहायचे उंच जलरोधक बूट-पँट, आणि संध्याकाळी फ्लाय टाईंगचे धडे. लायसन्सची फी वेगळी. ती ‘सरकारी’, म्हणून आधी भरायची आणि परत मिळणार नाही. पैसे यूपीआयवरून, तेही कंपनीच्या नाही तर एका बाईच्या खात्यावर. ‘ते आमचं अकाउंट्सचं खातं आहे दादा,’ असं उत्तर.

लायसन्सची पीडीएफ मात्र झकास होती. सिंहाचं चिन्ह, क्यूआर कोड, माझं नाव, पासपोर्ट नंबर. कोड स्कॅन केला की त्याचंच बनवलेलं पान उघडायचं. तारखा शनिवार-रविवारच्या. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी आहे, हे त्या भामट्यालाही ठाऊक नव्हतं.

विश्वास बसावा म्हणून त्याने कुरिअरने फ्लायची एक डबी पाठवली, ‘आमच्या गिलीने बांधलेल्या’ म्हणून. डबी छान, आतला माल भिकार. एका फ्लायचा दोरा नखाने जरा ओढला तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी उसवली. शेवटची गाठच मारलेली नव्हती, नुसता गोंद. तेव्हाच शंका आली, पण पैसे गेलेले होते.

पुढची मागणी जास्त घातक. ‘येताना मोराची पिसं आणा, रानकोंबड्याच्या मानेची मिळाली तर उत्तमच, बाकीच्या रकमेतून वळती करू.’ सॅमनच्या जुन्या फ्लायमध्ये रानकोंबड्याचं पीस मानाचं, आणि मोरपिसाचे धागे तर कित्येक फ्लायमध्ये लागतात. पण मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळालेली पिसं देशात बाळगायला सूट असली तरी परदेशी नेता येत नाहीत. वनखात्यातून निवृत्त झालेले माझे मेव्हणे ऐकूनच भडकले. ‘अहो, विमानतळावर धरलं असतं ना!’ बॅग माझी, पिसं माझी, तो माणूस कुठेच नाही.

पुतण्याने पर्थमधल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विचारलं आणि सगळं उघडं पडलं. तिथे लागते ती परवानगी, म्हणजे परमिट, आणि ते त्या पाण्याचा मालक किंवा स्थानिक क्लब देतो. ब्राऊन ट्राऊटचा हंगाम 15 मार्च ते 6 ऑक्टोबर. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या निघतं, ट्राऊटसाठी एका दिवसाचं दहा पौंडांच्या आत. तेवढ्यावर भागत नाही, नदीच्या मालकाची परवानगी तिथेही वेगळी.

मी त्या ऑर्गनायझरला हे विचारताच ‘विम्याचे सहा हजार भरा, मग रिफंड करतो’ असं आलं. नाही म्हणालो तर नंबर बंद. त्याच संध्याकाळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, बँकेला कळवलं, सायबर पोलिसांत पीडीएफ, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक दिला. बाईच्या खात्यातले उरलेले थोडे पैसे गोठवलेत, बाकी केव्हाच पुढे सरकले होते.

आता त्याच डबीचा फोटो घेऊन दुसऱ्या नावाने न्यूझीलंडची जाहिरात फिरतेय. तिथे लायसन्स खरंच लागतं, पण ते फिश अँड गेम या संस्थेकडून आपल्या स्वतःच्या नावावर ऑनलाइन काढता येतं. टाउपो भागाचं वेगळं. आणि जाहिरातीत ‘दगडावर न घसरणारे फेल्टच्या तळाचे बूट’, म्हणजे जाड नमद्याच्या तळाचे, फुकट आहेत. डिडिमो नावाचं शेवाळ पसरू नये म्हणून न्यूझीलंडमध्ये नेमक्या त्याच बुटांवर बंदी आहे.