गच्चीवरची बंद एक्स्पान्शन टाकी: ४० मजली इमारतीच्या चिल्ड वॉटरसाठी घ्यावी का?

३०० लिटर, १० बार, आतला ब्लॅडर (पाणी आणि हवा वेगळी ठेवणारी रबरी पिशवी) बदलता येणारा. चिल्ड वॉटरच्या (एसीसाठी चिलरमधून फिरणाऱ्या थंड पाण्याच्या) उंच सर्किटमध्ये पाणी फुगलं की त्याला जागा द्यायला ही टाकी जरूर घ्यावी, पण बसवायची ती गच्चीवरच. तळघरातल्या प्लांट रूममध्ये ती कुचकामी आहे.

पाण्याच्या १०.२ मीटर उंचीला १ बार. १४० मीटरच्या रायझरखाली (उभ्या पाइपखाली) पंप बंद असतानाही १३.७ बार असतातच. सर्किट बंद असल्यामुळे पंपाला पाणी वर चढवायचं नसतं, फक्त घर्षण भरून काढायचं असतं. तरी ३० मीटर हेडचा (तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाब देणारा) पंप सुरू झाला की डिस्चार्जला आणखी अडीच-तीन बार चढतात, वर टाकीचा दाब वेगळा. म्हणून खालचे फ्लँज आणि व्हॉल्व्ह पीएन १६ चे (१६ बार दाबाचे) नकोत, पीएन २५ चे हवेत. चिलरही मागवतानाच जास्त दाबाचा सांगावा.

सर्किटमध्ये २०,००० लिटर पाणी धरू. ६ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की ते सुमारे १२० लिटरनं फुगतं. गच्चीवर प्रीचार्ज (पाणी येण्याआधी टाकीत भरलेल्या हवेचा दाब) ०.८ बार, थंड असताना १ आणि जास्तीत जास्त ३ बार धरले, तर ३०० लिटरची टाकी १३५ लिटर सामावते. हेच २ बारचं अंतर तळघरात ठेवायचं तर प्रीचार्ज १४.५ बार लागतो, टाकी ११०० लिटरच्या आसपास जाते आणि तीही २५ बारची. खर्चाचा फरक इथेच आहे.

सगळ्यात जास्त घोळ पाणी भरताना होतो. ३० अंशांच्या पाण्यानं सर्किट भरताना गच्चीवरचा गेज १ बारवर थांबवला, तर चिलर चालू झाल्यावर पाणी आकसतं, दाब पडतो, आणि मेकअप लाइन (कमी पडलेलं पाणी भरणारा पाइप) पाणी आत ढकलते. या टाकीला ३० अंशांवर १.९ ते २ बार भरावे. थंड झाल्यावर ते बरोबर १ वर येतात.

जोडणी रिटर्न रायझरच्या (चिलरकडे परत जाणाऱ्या उभ्या पाइपच्या) माथ्याला द्यावी. सप्लायला दिली तर कॉइलमधला दाब खर्ची पडून रिटर्नचा माथा शून्याच्या जवळ येतो, ऑटो एअर व्हेंट (साचलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उलट हवा आत ओढतो आणि वरच्या मजल्यांचे एफसीयू (खोलीतले फॅन-कॉइल युनिट) गार करेनासे होतात.

कारखान्यातून आलेला प्रीचार्ज तसाच ठेवू नका. वर्षातून एकदा टाकी सर्किटपासून तोडून, पाण्याची बाजू रिकामी करून तो मोजा. पाणी आत असताना घेतलेलं रीडिंग निरर्थक असतं. हवेच्या निपलची पिन दाबल्यावर पाणी आलं तर ब्लॅडर फाटलाय. टाकीचा व्हॉल्व्ह कुलूप लावून उघडाच ठेवावा, नाहीतर कुणीतरी फिरवतो आणि फुगायला जागाच उरत नाही.

उघडी टाकी स्वस्त आणि फ्लोटमुळे सोपी असते, हे खरं. पण तिच्यातून ऑक्सिजन सतत पाण्यात मुरतो आणि एमएसचे (माइल्ड स्टीलचे) पाइप आतून गंजतात. बंद टाकी त्यापेक्षा नक्कीच बरी. मात्र मेकअप लाइनवर छोटा वॉटर मीटर लावाच. तो रोज पुढे सरकत असेल तर टाकीवर खापर फोडण्याआधी गळती शोधा.