नॉर्मल डिलिव्हरीचं पॅकेज, नर्सिंग चार्जेस आणि ती घंटी : सात महिन्यांनंतर

धाकट्या जावेला सातवा लागलाय. "वहिनी, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये नाव घालू का?" हे तिचं रोजचं. तिला तोंडी सांगून दमले, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हॉस्पिटल कोथरूडच्या बाजूचं, मध्यम आकाराचं. पॅकेजमध्ये काय काय असतं ते चार ठिकाणी चौकशी केलेल्या प्रत्येकीला पाठ असतं, ते उगाळत नाही. डॉक्टरांबद्दलही फार नाही. त्या शेवटी आल्या, टाके घातले, अभिनंदन म्हणाल्या आणि गेल्या. बाळंतपण निभावलं सिस्टरांनी. तरीही बिलातली 'नर्सिंग चार्जेस' ही ओळ मला खटकली. खोलीचं भाडं वेगळं, लेबर रूम वेगळी, डॉक्टरांची फी वेगळी, आणि वर दिवसाच्या हिशेबानं हे. काउंटरवर एका बाजूला कलून बसत (टाके!) मी विचारलं, यात नक्की काय धरलंय? "सगळंच असतं मॅडम त्यात." दरपत्रक दर्शनी जागी लावायचं असा राज्याचा 2021 चा नियम आहे. लावलेलंही होतं, मनीप्लांटच्या मागे. त्यात आकडा होता, तपशील नव्हता.

तर 'सगळंच' म्हणजे काय, ते मी सांगते.

लेबर रूममधल्या रात्रपाळीच्या सिस्टर पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. पण मला आडवं करून ठेवलं नाही. "चाल जरा. कळ गेली की पाणी पी. कंटाळलीस की डाव्या कुशीवर हो." अर्ध्या-अर्ध्या तासानं ठोके ऐकायच्या आणि तक्त्यावर मांडायच्या. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत, आई आणि बाळ ठीक असतील तर, कळा वाढवायची घाई करू नये, बाईला हिंडू-फिरू द्यावं, खाऊ-पिऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलंय. सिस्टर ते न सांगता करत होत्या. त्याच कागदात बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं असंही आहे. इथे मात्र नवऱ्याला बाहेर बसवलं, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." एक गुण कमी.

बाळ झाल्यावर पहिले दोन तास त्या दर पंधरा मिनिटांनी हजर. बीपी, पॅड, आणि ओटीपोटावर हात ठेवून असं दाबायच्या की जीव जायचा. डिस्चार्जच्या फॉर्मवर मी ही तक्रार ठणकावून लिहिली होती. ती आता मागे घेते. नर्स असलेल्या नणंदेनं घरी उलगडून सांगितलं : वार पडल्यावर गर्भाशय आवळून नारळासारखं कडक लागलं पाहिजे. सैल राहिलं तर रक्त जात राहतं, पाचशे मिलिलिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव, आणि बाळंतिणीला ते कळेलच असं नाही. चोळलं की ते आवळतं. त्या दोन तासांचेच वेगळे पैसे लावले असते तर मी निमूट दिले असते.

आता घंटी. पलंग खिडकीशी आणि सिस्टरांना बोलवायचं बटण समोरच्या भिंतीवर, सोबतच्या माणसाच्या सोफ्याच्या वरती! ज्या बाईला टाके आहेत, जिच्या कुशीत बाळ आहे, तिनं ते दाबायचं कसं? रात्री नवऱ्याला हाका मारल्या, उठेना. टोपडं फेकून मारलं, उठेना. शेवटी पाण्याची बाटली. उठला, बटण दाबलं, दाराबाहेर लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, कारण रात्री दोन मजल्यांना मिळून एकच सिस्टर, ती लेबर रूममध्ये. बाबा म्हणाले, "तपकीर गल्लीतून लांब वायरचं बटण मी आणून देतो, बसवून पण देतो." मॅनेजर नुसते हसले. काम तासाभराचं हो! दिवसाचे नर्सिंग चार्जेस घेता आणि नर्सपर्यंत आवाज पोचत नाही?

त्याच रात्री लेक अंगावर धरेना, रडून लाल. उशिरा आलेली तरुण सिस्टर म्हणाली, "दूध आलं नाहीये, वरचं देऊ या." सकाळच्या सीनियर सिस्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "सुरुवातीला चीकच येतो, चमचा-दोन चमचे, तेवढा पुरतो." पलंगाच्या कडेवर बसल्या. बाळाचं डोकं न दाबता खांदे आणि पाठ हातावर पेलली, नाक निपलसमोर आणलं, वरच्या ओठाला टेकवलं आणि थांबल्या. जांभईएवढं तोंड उघडलं तसं झटकन जवळ घेतलं, भोवतालचा काळा भाग तोंडात जाईल असं. "दुखतंय ना? ओढू नकोस. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घाल, सोडव, परत लाव." सहा महिने पोरगी निव्वळ अंगावर राहिली ती या शिकवणीवर. पावडरच्या डब्यांचे वाचलेले पैसे वजा केले तर नर्सिंग चार्जेस वसूल झाले, हे माझ्यासारख्या चिकट बाईलाही मान्य आहे.

घरी आल्यावर मात्र हॉस्पिटलचा संबंध संपला. दूध दाटून छातीत गाठी झाल्या, फोन केला तर "ओपीडीत या." आमच्या स्वयंपाकाच्या ताईंच्या सुनेचं बाळंतपण महापालिकेच्या कमला नेहरूमध्ये झालं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, नॉर्मलला तीन दिवसांचं जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत. वर आशाताई घरी येऊन आई-बाळ दोघांना बघून गेल्या. इथे एवढं बिल भरून साधा फोन नाही.

जावेला सांगितलंय, नाव घालायच्या आधी खोली उघडून दाखवायला लाव, पलंगावर आडवी हो आणि हात लांब करून बघ. रात्रपाळीला किती सिस्टर असतात तेही विचार, "स्टाफ आहे ना" यावर गप्प बसू नकोस.

मी ऑनलाइन तीन तारे दिले तर मॅनेजरांचा लगेच फोन, "मॅडम, पाच का नाही?" घंटीचं सांगितलं. म्हणाले, त्या मजल्याचं काम काढलंय, बटणं पलंगाशी घेतोय. नर्सिंग चार्जेस तेवढेच राहणार का, विचारलं. "ते थोडे रिवाइज होतील."