गल्ल्यावरचा बोलका डबा: अडीच वर्षं वापरून

संध्याकाळी साडेसात ते सव्वानऊ माझे हात कधीच कोरडे नसतात. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत सातेक मिनिटांवर माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गाडी आली की माणसांचा लोंढा येतो, दहा मिनिटं नुसती झुंबड, मग पुढच्या गाडीपर्यंत शुकशुकाट. त्या दहा मिनिटांत मी पोळ्या मोजून कागदात बांधते, मदतीच्या ताई भाजी वजन करतात आणि सासूबाई गल्ल्यावर बसतात. त्यांचं वय ७८, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळतायत. कान मात्र शाबूत. म्हणूनच आमच्याकडे साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयने पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा डबा, चालला. तो आमच्यासारख्या छोट्या दुकानाला परवडतो का, असं दोन-तीन जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

क्यूआरचा स्टिकर आम्ही २०१७ मध्येच लावला होता, नोटाबंदीत सुट्ट्या पैशांनी फार छळलं म्हणून. त्यानंतरची कितीतरी वर्षं पैसे आले की नाही हे ठरायचं गिऱ्हाइकाच्या फोनवर. "काकू, झाले बघा," म्हणत फोन नाकासमोर धरायचा आणि मी कणकेच्या हातांनी "हो हो" म्हणायचं. हिरवी खूण दिसली की संपलं. एक मुलगा असा पंधरवडाभर दिवसाआड यायचा. अगदी गोड बोलायचा, सासूबाईंची तब्येत विचारायचा. महिनाअखेरीला माझ्या मुलाने पासबुकाशी ताळा घातला तेव्हा कळलं की तो एकच जुना स्क्रीनशॉट दाखवत होता, रक्कम १४०, म्हणून घ्यायचाही दर वेळी तेवढंच. एकूण ११२० रुपये गेले. पैशांचं सोडा, पण त्याला आपण दर वेळी लोणच्याची फोड वरून देत होतो याचं वाईट वाटलं. हुबेहूब पैसे गेल्याचा स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप्सही निघालीत, हे मला नंतर समजलं.

मग डबा घेतला. आकाराने स्टीलच्या पोहे-डब्याएवढा, पुढे क्यूआर, मागे आवाज कमी-जास्त करायची बटणं. आत स्वतःचं सिमकार्ड असतं, आणि खरा उपयोग तिथेच आहे. आधी पैसे आल्याचा आवाज माझ्या फोनवर यायचा, म्हणजे फोन दुकानात हवा, मी दुकानात हवी. आता मी फोन घेऊन गॅस एजन्सीत गेले तरी गल्ला चालू राहतो.

मराठी आवाज निवडता येतो. आमच्या डब्यात एक शांत, थोडी सरकारी वाटणारी बाई आहे. ती "एकशे पन्नास रुपये प्राप्त झाले" म्हणते. सासूबाई पहिले काही दिवस प्रत्येक वेळी तिला सुधारायच्या, "दीडशे म्हण गं." अडीचशे, साडेतीनशे हे शब्द तिच्या गावीच नाहीत, सगळं "दोनशे पन्नास", "तीनशे पन्नास". पण बाकी आकडे चोख. सत्याऐंशी, एकोणसाठ, त्र्याण्णव, सगळं शाळेत शिकल्यासारखं. उलट पंचाईत गिऱ्हाइकांची होते. परवा कॉलेजच्या एका मुलीने ६९ भरले, डबा "एकोणसत्तर" म्हणाला आणि ती घाबरून म्हणाली, "काकू, जास्त गेले का?" तिला ते एकोणऐंशी वाटलं होतं. एका कंपनीने तिच्या डब्याला अमिताभ बच्चन यांचा आवाज दिला होता. मला तो नको. भाजी संपल्यावर "उद्या या" सांगायला आवाज आपल्यातलाच बरा.

तोटा असा की हा डबा गावाला ऐकवतो. आमच्या शेजारी फरसाणाचं दुकान आहे. त्या भाऊंना माझा गल्ला आता माझ्यापेक्षा नीट पाठ आहे. "वहिनी, आज शनिवार असून थंड गेला ना?" असं विचारतात. आवाज कमी केला तर झुंबडीत सासूबाईंना ऐकू येत नाही, वाढवला तर रस्त्यापलीकडचा रिक्षा स्टँड ऐकतो. मधलं काही नाही. बटणाच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यातली कामाची एकच, तिसरी.

नेटवर्कचं दुखणं मोठं. आमची इमारत जुनी, दुकान तळमजल्यावर, मागे पाण्याची टाकी. गल्ल्याजवळ ठेवला की डबा मुका होतो. पैसे खात्यात आलेले, गिऱ्हाईक समोर उभं, मागे रांग, आणि आम्ही सगळे त्या डब्याच्या तोंडाकडे बघतोय. गिऱ्हाइकालाही अपमान वाटतो, "मी काय खोटं बोलतोय का?" शेवटी तो खिडकीच्या जाळीला टांगला, तेव्हापासून नव्वद टक्के बोलतो. पण कधीतरी रात्रीचे अडकलेले आकडे सकाळी चालू केल्याबरोबर एका दमात म्हणून मोकळा होतो. दुकानात कोणी नाही, मी झाडू मारतेय आणि हा "चौऱ्याऐंशी रुपये प्राप्त झाले, बावीस रुपये प्राप्त झाले". पिठाने त्याच्या जाळीची भोकं बुजतात. मी जुन्या दात घासायच्या ब्रशने आठवड्याला साफ करते. सोबत आलेली चार्जिंगची केबल तीन महिन्यांत गेली. बॅटरी मात्र चांगली आहे, एका चार्जिंगवर चार दिवस निघतात.

मूळ यंत्रणाच बंद पडली तर डबा काय करणार? १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. आमच्याकडे प्रसादाच्या शिऱ्याच्या ऑर्डरी होत्या. दुपारी देशभर यूपीआय अडकलं. लोकांच्या खिशात नोटाच नव्हत्या, कारण आता ठेवतं कोण? मी वहीत नावं लिहून शिरा दिला, माझ्या सासऱ्यांच्या काळात वाण्याकडे असायची तशी उधारीची वही. दोघे सोडून सगळ्यांनी आणून दिले.

आता भाड्याविषयी. मला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं की पैसे घेणं फुकट आणि पैसे आल्याचं ऐकणं विकत. कार्ड घासलं की दुकानदाराकडून बँक टक्का कापते, त्याला एमडीआर म्हणतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा हा टक्का सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्य केला. माझ्यासारखीला ते सोन्यासारखं, कारण नऊ रुपयांच्या पोळीत टक्का देणार कुठून? पण ज्या कंपन्या स्टिकर लावायला गल्लोगल्ली माणसं फिरवतात त्यांना मग उरतं काय? सरकार थोडी भरपाई देतं. २०२४-२५ सालासाठी १५०० कोटींची योजना होती, छोट्या दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे माझ्या शंभर रुपयांच्या विक्रीवर बँकेच्या बाजूला पंधरा पैसे. त्यावर कोणाचं पोट भरणार? म्हणून हा डबा. व्यवहारातून मिळत नाही ते भाड्यातून काढायचं. यात मला गैर वाटत नाही, सेवा घेतली तर पैसे द्यावेत. फक्त ते सरळ मागावेत.

सरळ मागितलं नाही, हीच माझी तक्रार. पहिला डबा ज्या कंपनीचा होता तिचा टी-शर्ट घातलेला मुलगा म्हणाला, "ताई, पहिला महिना फक्त एक रुपया." त्या एक रुपयासाठी त्याने माझ्या फोनवर पिन टाकायला लावला. मी टाकला. तो एक रुपया नव्हता, दरमहा सव्वाशे कापायची ऑटोपेची परवानगी होती. तेही चालवून घेतलं. पण वर्षभराने मी डबा परत केला, पावती घेतली, आणि तरी चार महिने सव्वाशे जातच राहिले. हेल्पलाइनवर दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळायचा. माझ्याकडे असे सहा क्रमांक साठले, लॉटरी निघाली असती तर बरं झालं असतं. शेवटी मुलाने यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा कप्पा उघडला, तिथे ती परवानगी रद्द करायचं बटण होतं, पिन टाकला आणि एका मिनिटात संपलं. कंपनीने मागाहून दोन महिन्यांचे पैसे दिले, दोन महिन्यांचे अजून "तपासात" आहेत. तुमच्याकडे डबा असेल तर तो कप्पा आजच उघडून बघा. आमच्या त्या कप्प्यात मुलाच्या एका बंद केलेल्या गाण्यांच्या ॲपचीही परवानगी निघाली.

दुसरा डबा आमच्या बँकेकडूनच घेतला. भाडं शंभर अधिक जीएसटी, म्हणजे ११८, आणि फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं. फरक भाड्यात फारसा नाही, पैशांच्या वाटेत आहे. पहिल्या कंपनीकडे संध्याकाळचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात यायचे. मला पहाटे पाचला कल्याणच्या बाजार समितीत भाजीला रोख लागते. डबा रात्री "प्राप्त झाले, प्राप्त झाले" म्हणून थकायचा आणि पहाटे खात्यात खडखडाट. आता त्याच क्षणी जमा होतात. माझ्या मते डबा निवडताना आवाज, रंग, बॅटरी सगळं नंतर, आधी हे विचारा की पैसे खात्यात कधी.

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथे दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. तेव्हा आमच्या लाइनीतल्या दोघांनी स्टिकर काढून टाकले. मीही आमच्या सीएंना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, उलाढाल रोखीत मोजा नाहीतर डब्यात, ती तेवढीच असते." जीएसटी नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा सेवेला वर्षाला २० लाखांची, नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांची. मी वीसच्या आत आहे आणि माझ्याकडे आता प्रत्येक पोळीचा हिशेब आहे, त्यामुळे झोप लागते. एक चूक मात्र सुधारली. भिशीचे आणि नणंदेने पाठवलेले पैसे याच खात्यात यायचे, ते विक्रीत धरले जाऊ नयेत म्हणून घरच्या खात्याकडे वळवले.

डबा घ्यावा का? गल्ल्यावर एकटं माणूस असेल आणि ते पैसे घेताना फोनकडे बघू शकत असेल, तर नको, फोनचा आवाज पुरतो. हात गुंतलेले असतील किंवा गल्ल्यावर वयस्कर माणूस असेल, तर ११८ रुपये महाग नाहीत. मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा मराठी आकड्यांसाठी, आणि उरलेला दीड नेटवर्क आणि केबलने खाल्ला.

परवा पुन्हा एक टी-शर्टवाला आला होता. कार्ड नुसतं टेकवलं की पैसे घेणारा नवा डबा दाखवत होता, दिसायला देखणा. मी भाडं विचारलं तर म्हणाला, "काकू, पहिला महिना एक रुपया." सासूबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "त्याला चहा दे, आणि दुसऱ्या महिन्याचं विचार."