फायबरच्या होडीला टू-पॅक रंग: एका हंगामानंतर

गेल्या वर्षी पावसाआधी आमच्या २२ फुटी फायबरच्या होडीचा जुना रंग पार काढून नवा दिला. पाण्यावरच्या भागाला टू-पॅक पॉलियुरेथेन (रंग आणि हार्डनर वेगळे येतात, लावताना कालवायचे), पाण्याखाली इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर तांब्याचं अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग. नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरली, आता शिमगा होऊन गेला. मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत ती कायम नांगरावर असते.

दुकानात रंगाचं विचारलं की बोलणं थेट कंपनीवर जातं. त्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे होडी रात्री कुठे असते. रोज वाळूवर ओढून घेत असाल तर अँटिफाउलिंगची गरज फारशी नाही. तळाला घासणं सोसणारा कडक रंग हवा. होडी पाण्यातच राहत असेल तर वरचा चकचकीत पॉलियुरेथेन तळाला लावू नका. यातले बहुतेक रंग सतत पाण्यात राहण्यासाठी बनवलेले नसतात, त्यांना फोड येतात. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना दिसतात: महागडा डबा, पण तो भलत्या जागी लावलेला.

आता वरच्या भागाचा अनुभव. पूर्वी साधा एनॅमल असायचा. दिवाळीपर्यंत तो पांढरट पडायचा आणि हात फिरवला की तळव्याला भुकटी लागायची. टू-पॅकची चमक अजून टिकून आहे. माशांचं रक्त, डिझेलचे डाग साबणाच्या पाण्याने निघतात. जिथे दोर घासतो त्या वरच्या काठावर आणि वाळूला टेकणाऱ्या नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) मात्र रंग गेलाय. त्या जागी कोणताही रंग टिकणार नाही, तिथे रबराची पट्टीच हवी. शेजारच्या गडद निळ्या होडीपेक्षा आमची पांढरी होडी दुपारी कमी तापते, उन्हाने रंग विटलेलाही तिच्यावर कमी दिसतो. म्हणून गडद रंग मी सुचवणार नाही.

टू-पॅक एनॅमलच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो आणि जुन्या एनॅमलवर चालत नाही. त्याच्या थिनरने खालचा थर सुरकुततो. त्यामुळे सगळं खरवडून जेलकोटपर्यंत यावं लागलं. जेलकोट म्हणजे फायबरवरचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. ग्राइंडर दाबून धरला की फायबरचे धागे उघडे पडतात, म्हणून शेवटचं काम हाताने, पॉलिश पेपरने केलं. घासण्याआधी थिनरने पुसणं आवश्यक आहे. साच्यातून होडी सुटावी म्हणून लावलेलं मेण किंवा तेलाचा अंश राहिला, तर पेपर तो ओरखड्यांत दाबून बसवतो. एक कापड थिनरचं आणि ते सुकायच्या आत फिरवायला दुसरं कोरडं. नंतर गोडं पाणी ओतून पाहा. पाणी थेंब न धरता सलग पसरलं म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ.

तळाला काही ठिकाणी फोड होते. फोडल्यावर आंबूस पाणी आलं. ते जेलकोटमधून आत झिरपलेलं असतं. असे फोड उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि इपॉक्सीची लांबी भरावी. गाड्यांना लावतात ती पॉलिस्टर लांबी पाण्याखाली नको. आमच्या भरलेल्या जागा अजून घट्ट आहेत.

कोकणात हवेतला ओलावा हाच मोठा शत्रू. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की रंग देऊ नये, म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत हात रिकामे असले तरी उघड्यावर हे काम होत नाही. मे महिन्यात सावलीत, सकाळी दव वाळल्यावर सुरुवात करायची आणि दुपारचा वारा वाळू घेऊन येण्याआधी थांबायचं. उन्हाळ्यात हार्डनर घातलेला रंग भराभर घट्ट होतो, एका वेळी वाटीभरच कालवावा. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग ब्रशचं टोक हलकेच ओढायचं. आम्ही पॉलियुरेथेनचे दोन हात दिले.

अँटिफाउलिंगचा पहिला हात इपॉक्सी पूर्ण सुकायच्या आत जातो. अंगठ्याचा ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, ती नेमकी वेळ. तळ बऱ्यापैकी स्वच्छ आहे. शेवाळाचा पातळ थर येतो, तो मऊ कापडाने निघतो. बार्नॅकल (चिकटून बसणारे टणक कवचाचे जीव) आले ते पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूच्या कडेला, म्हणून यंदा तिथे एक हात जास्त देणार. आउटबोर्ड इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा रंग लावू नका, धातू खातो. इंजिनचा धातू गंजू नये म्हणून लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर तर कोणताच रंग नको.

दोन गोष्टींत काटकसर नकोच. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतं. साधा कापडी मास्क पुरत नाही. वाफेसाठीच्या फिल्टरचा मास्क घ्या आणि योग्य सोय नसेल तर स्प्रे मारूच नका. दुसरं, तळ खरवडताना खाली ताडपत्री अंथरा आणि पेपर ओला ठेवा. त्या भुकटीतलं तांबं शिंपल्यांना मारतं आणि आमच्याच खाडीत बायका ओहोटीला तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला उतरतात.