सात महिने लिंबूफूल वापरून पाहिलं: चमच्यांवरचे कुठले डाग गेले, कुठले नाही

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पुरत नाही, उरलेलं बोअर आणि टँकरवर भागतं. त्यामुळे नळापासून चमच्यांपर्यंत सगळ्यावर पांढरे ठिपके. दिवाळीत जेवायला आलेल्या एकीने चमचा हळूच ओढणीला पुसून घेतला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. "ताई, मी घासते नीट. पाणीच तसलं आहे, त्याला मी काय करू?" मला ती सबब वाटली.

मग जांभळी नाक्यावरून अर्धा किलो सायट्रिक ॲसिड आणलं, म्हणजे ढोकळ्यात घालतो तेच लिंबूफूल. (ठाण्यात राहून घरात पितांबरी नाही असं सहसा होत नाही, पण आमच्याकडे ती देवाच्या तांब्या-पितळेलाच.) लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पावडर, त्यात चमचे दहा-पंधरा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवून लगेच कोरडे पुसायचे. पहिल्याच दिवशी चमचे दुकानातून आणल्यासारखे दिसले आणि मावशींची मनातल्या मनात माफी मागितली. ते पांढरं म्हणजे पाणी वाळल्यावर मागे उरलेला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. साबणाने कितीही घासा, ढिम्म हलत नाही. आंबट लागलं की विरघळतो.

इतकं जमल्यावर मी घरातलं सगळंच त्यात बुडवायला लागले, आणि तिथेच फसले. भाजी चिरायची सुरी रात्रभर आंबट पाण्यात राहिली. सकाळी पातं काळपट, हाताला खरखरीत. चमच्यांचं चांगलं स्टील १८/८, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सुरीला धार टिकावी म्हणून कडक स्टील लागतं, त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के आणि निकेल जवळपास नसतंच. ते लवकर खराब होतं. सुरी आता पार्सलं उघडायला ठेवली आहे.

चहाच्या चमच्यांवरचा तपकिरी थर लिंबूफुलाने अर्धाच गेला. तो चहातल्या टॅनिनचा. खायच्या सोड्यात थेंबभर पाणी घालून ओल्या फडक्याने चोळलं, तेव्हा निघाला. तापलेल्या कढईत विसरलेल्या डावावर निळी-जांभळी झाक आली होती, ती मात्र व्हिनेगरच्या फडक्याने दोन मिनिटांत गेली. ती काही घाण नसते. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो, तो उष्णतेने जाड झाला की रंग दिसतात.

लोणच्याच्या बरणीत कायम राहणाऱ्या चमच्यावर कशाचाच उपयोग झाला नाही. त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं आहेत. मिठातलं क्लोराइड तो संरक्षक थर जागोजागी फोडतं आणि धातूच खातं. तिथे डाग नाहीच, खड्डा आहे, काढणार काय? आता बरणीत लाकडी चमचा.

नारिंगी ठिपक्यांचा शोध सगळ्यात उशिरा लागला. मला वाटायचं चमचेच गंजतात. गंजत होते ते लोखंडी तारेच्या घासणीचे कण, चमच्यांना चिकटून राहिलेले. मावशींना नायलॉनचा स्क्रबर आणून दिला, महिनाभरात ठिपके बंद.

एक मात्र सांभाळा: लिंबूफुलाच्या पाण्यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि हाताला चीर असेल तर मोजे घाला. मी घातले नव्हते, चांगलंच झोंबलं.

सुरुवातीला दर आठवड्याला भिजवत होते, आता तीन आठवड्यांतून एकदा. कारण पावडर नव्हे, फडकं. धुतलेले चमचे जाळीत निथळत ठेवण्याऐवजी लगेच पुसले की क्षार साठायला पाणीच उरत नाही. कंटाळवाणं काम आहे, रविवारी नवऱ्याकडे असतं आणि रविवारचे चमचे सोमवारी ओळखू येतात.

अर्ध्या किलोतलं पाव किलो अजून शिल्लक आहे. त्यातलं थोडं परवा मावशी घेऊन गेल्या, त्यांच्या बादलीला.