तालुक्याच्या कॉलेजचा सकाळचा फुटबॉल वर्ग: काय मिळतं, काय नाही

यवतमाळकडच्या तालुक्यात पोराला फुटबॉल शिकवायचा तर एक तर जिल्ह्याच्या अकादमीची फी भरा, नाहीतर सकाळी साडेपाचला कॉलेजच्या मैदानावर पाठवा. दुसरा मार्ग बिनधास्त घ्या. हा वर्ग घेणारे सर याच कॉलेजात शिकले, याच मैदानावर राइट बॅकला (उजव्या बाजूच्या बचावाला) खेळले, पुढं इथंच क्रीडा संचालक झाले आणि बाहेरून बोलावणी आली तरी हलले नाहीत. पहिल्या तुकडीतल्या खेळाडूंची पोरं आता वर्गाला येतात.

एकाच जागी इतकी वर्षं काढल्याचा फायदा आधी मैदानावर दिसतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला चिकटून पाय जड करते. म्हणून वर मुरुमाचा थर आहे. पावसाळा संपला की गोटे आणि बाभळीचे काटे वेचायचे, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं आणि सकाळी रोलर फिरवायचा. रोलर फिरवायच्या तोंडावर पाणी मारलं तर ओला थर रोलरलाच चिकटून उखडतो. आखणी दोरीनं होते: १२ मीटरच्या दोरीला ३ आणि ७ मीटरवर गाठी, टोकं जुळवून तिन्ही बाजू ताणल्या की कोपरा काटकोनात. मधलं वर्तुळ ९.१५ मीटरच्या दोरीनं, पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. रेषांना पांढरी फक्की. कळीचा चुना सर हातात घेऊ देत नाहीत, खरचटलेल्या गुडघ्याला अन् डोळ्याला तो भाजतो.

बॉल पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहान पोरांना चार नंबरचा. शिवलेल्या बॉलचा दोरा मुरुमावर लवकर झिजतो, म्हणून रोजच्या सरावाला रबरी मोल्डेड आणि शिवलेला फक्त स्पर्धेच्या आठवड्यात. हवा नियमानं ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते. इथं ९ च्या आसपास ठेवतात, कारण टणक जमिनीवर बॉल आधीच जास्त उसळतो आणि ऊन चढलं की आतला दाब वाढतो. पिन ओली केल्याशिवाय आत घालायची नाही. कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते, बॉल कामातून जातो.

शिकवण्यात घाई अजिबात नाही. नव्या पोराला सुरुवातीला शूटिंग मिळतच नाही. पाच मीटरवर जोडीदार, पायाच्या आतल्या बाजूनं पास, टेकलेला पाय बॉलच्या बाजूला वीतभर अंतरावर, घोटा कडक. घोटा सैल राहिला की पास मेला. शॉट आकाशात जायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि सर ते रोज ओरडतात: "मांगं नको वाकू बे, मंग बॉल वर जाते!" त्यानंतर आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चौघांविरुद्ध एक, दोनच टचची परवानगी. स्लाइड टॅकल, म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन बॉल काढणं, मुरुमावर बंद. मांडीची साल निघते आणि जखम चिघळते. लांब स्टडचे बूट घेऊन देऊ नका, टणक जमिनीत ते रुतत नाहीत, टाच दुखते आणि घोटा मुरगळतो. बारीक रबरी गोट्यांचे टर्फ बूट घ्या.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे शेतीच्या वेळापत्रकाचं भान. सोयाबीनची सोंगणी आणि आंतरमहाविद्यालयीन सामने मागंपुढंच येतात. त्या दिवसांत सराव पाऊण तासाचा करतात, पण बंद करत नाहीत, आणि सोंगणीला गेलेल्या पोराचं नाव संघातून कापत नाहीत. उन्हाळ्यात साडेसातच्या आत सगळे घरी. पाण्याचं माप ठरलेलं: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ.

उणिवाही आहेत. गोलकीपरला वेगळं शिकवणारं कोणी नाही, आणि मुरुमावर उडी मारायची भीती पोरांच्या मनात बसते; गुडघ्या-कोपराची पॅडं घरून द्यावी लागतात. मुलींना कपडे बदलायला नीट खोली नाही. मुली यायला लागल्यात, तेव्हा कॉलेजनं हे आधी करायला हवं. आणि सर निवृत्त झाल्यावर रोलर कोण फिरवणार, याची तयारी दिसत नाही. दोरी आणि आखणी तरी दोन मोठ्या पोरांना आत्ताच शिकवून ठेवावी.

नाव जूनमध्ये, प्रवेशाबरोबरच टाका. दहावीचं प्रमाणपत्र आणि बोनाफाईडच्या झेरॉक्स तेव्हाच सरांकडं द्या. सामन्यांच्या तोंडावर एलिजिबिलिटीचा (खेळायला पात्र असल्याचा) फॉर्म कागदावाचून अडला की चांगला खेळाडू बाकावरही बसू शकत नाही.