जुन्या बुलेटच्या क्रँककेसचे व्हेपर ब्लास्टिंग : उद्यमनगरातले काम

वडिलांच्या १९८६ सालच्या बुलेट ३५० चे इंजिन गेल्या वर्षी पूर्ण खोलले, तेव्हा पिस्टन आणि बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या बेअरिंगचा) निर्णय अर्ध्या तासात झाला. क्रँककेस, म्हणजे क्रँक सामावणारे इंजिनाचे खालचे ॲल्युमिनियमचे कवच, आणि त्यावरची कव्हरे यांचे फिनिश ठरवण्यात मात्र तीन आठवडे गेले. पावडर कोटिंग मी आधीच बाद केले, कारण इतकी वर्षे ऑइल मुरलेले ओतीव ॲल्युमिनियम दोनशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत गेले की छिद्रांतले तेल बाहेर येऊन कोटिंगला फोड येतात. सरसकट बफिंगही पटत नव्हते. कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरच्या) इंजिनाच्या बुलेटला टायमिंग कव्हर (टायमिंग गिअरवरचे झाकण) आणि चेनकेस (प्रायमरी चेनवरचे झाकण) चकचकीतच शोभतात, पण क्रँककेसचा पोत मुळात ओतकामाचा आहे; तिचाही आरसा केला की गाडी वरातीतली वाटते.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये व्हेपर ब्लास्टिंग करून घेतले. यात काचेचे बारीक मणी पाण्यात मिसळून हवेच्या दाबाने मारतात. पाण्यामुळे मार सौम्य बसतो आणि कोरड्या ब्लास्टिंगने येणारा, तेलकट मळ धरून ठेवणारा खरखरीतपणा येत नाही. सगळ्या भागांचे साडेचार हजार रुपये झाले व काम चार दिवसांत मिळाले. फिनिशला नाव ठेवायला जागा नाही. पूर्वी कोणीतरी कॉस्टिक सोड्याने धुऊन काळवंडवलेला मागचा भाग उरलेल्या केसशी एकरूप झाला, आणि आर.टी.ओ.च्या तपासणीत पाहिला जाणारा इंजिन नंबर, मी आठवणीने झाकून घ्यायला सांगितल्यामुळे, जसाच्या तसा राहिला.

तक्रार आहे ती सफाईबद्दल. बफिंगआधी स्वच्छ व्हावे म्हणून टायमिंग कव्हरही तिथेच दिले होते. या कव्हरच्या आतील वाटेनेच बिग एंडला ऑइल जाते, म्हणून तिची भोके रबरी बुचांनी बंद करावीत, असे मी लिहून दिले होते. घरी आणल्यावर सिरिंजने त्या वाटेत डिझेल सोडून खाली काळे कापड धरले, तर पिठीसाखर सांडावी तसे मणी त्यावर चमकले. वर्कशॉपने चूक मान्य करून कव्हर विनामूल्य पुन्हा धुऊन दिले. तरी दुसऱ्या खेपेलाही थोडे निघालेच. मग बारीक ब्रश, गरम साबणाचे पाणी आणि कॉम्प्रेसरची हवा यांत माझा एक अख्खा रविवार गेला, आणि कापड कोरे निघेपर्यंत मी जुळणीला हात लावला नाही. आट्यांतही मणी अडकतात, त्यामुळे स्टडच्या प्रत्येक भोकात टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवावा लागला.

त्यानंतर एक पावसाळा झाला. क्रँककेसवर कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचा पिवळसर डाग पडला आहे, एवढेच; बफ केलेली कव्हरे मात्र तेवढ्यात तीनदा पॉलिश करावी लागली. क्रँककेस मी पुन्हा तिथेच देईन. टायमिंग कव्हर घरीच डिझेल आणि ब्रशने साफ करून थेट बफिंगवाल्याकडे नेईन, तेही सगळी भोके स्वतःच्या हाताने बंद करून.